सोलापूरहून तीन दिवसांच्या इव्हेंटिंगला घोडा नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होटगी रस्त्याला आमचा पाच घोड्यांचा छोटा तबेला आहे. रविवारी सकाळी मुलं रपेट शिकायला येतात, आई-बाबा लिंबाखालच्या कट्ट्यावर बसतात, आणि तीन-चार महिने झाले की कुणीतरी विचारतंच, "ताई, हिला स्पर्धेला कधी न्यायचं?" तीच उत्तरं तोंडी देऊन देऊन शेवटी लिहून काढायला बसले. मी स्वतः मैना नावाच्या कुमैत रंगाच्या घोडीवर नऊ वर्षं इव्हेंटिंग केलं. तीन दिवसांच्या स्पर्धेत खरा निकाल तिसऱ्या दिवशी सकाळी, पंचांच्या तपासणीत, घोडा कसा चालतो यावर लागतो, हे मला फार उशिरा कळलं. खालची बहुतेक उत्तरं त्या सकाळसाठीच आहेत.

इव्हेंटिंग म्हणजे नक्की काय?

एकाच घोड्यावर एकाच स्वारानं द्यायच्या तीन परीक्षा. पहिली ड्रेसाज. वीस बाय साठ मीटरचं आखीव मैदान (छोट्या गटांना बऱ्याचदा वीस बाय चाळीस), कडेनं अक्षरांच्या पाट्या, आणि त्या खुणांवर ठरलेल्या हालचाली शांतपणे करून दाखवायच्या. दुसरी क्रॉस-कंट्री. मोकळ्या रानातून धावत ओंडके, चर, पाणी, बांध असे पक्के अडथळे ठरलेल्या वेळेत पार करायचे. तिसरी शो जंपिंग. मैदानातल्या रंगीत काठ्यांवरून उडी, आणि काठी जरा धक्का लागला तरी पडते.

छोट्या स्पर्धांमध्ये कधी कधी शो जंपिंग आधी आणि क्रॉस-कंट्री शेवटी असते. मोठ्या स्पर्धेत स्पर्धक जास्त असले की ड्रेसाजलाच दोन दिवस जातात, म्हणून तीन दिवसांची स्पर्धा चार दिवसही चालते. या पानावर मी ड्रेसाज, मग क्रॉस-कंट्री, मग शो जंपिंग असा जुना क्रम धरला आहे.

हा खेळ आला कुठून? भारतात कोण खेळतं?

घोडदळातून आला. अधिकाऱ्याचा घोडा कवायतीत शांत उभा राहतो का, रानावनातून निरोप घेऊन दौडतो का, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला उभा राहतो का, हे तपासायची ती परीक्षा होती. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९१२ साली स्टॉकहोमला आला. १९४८ पर्यंत त्यात फक्त लष्करी अधिकारीच उतरत. १९५२ पासून नागरिकांना वाट मोकळी झाली आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा स्त्री स्वार उतरली. आज पुरुष आणि स्त्रिया एकाच गटात, एकाच नियमांनी लढतात. मुलींच्या आया हे विचारतात तेव्हा मी उत्तर जरा मोठ्या आवाजातच देते.

आपल्याकडे या खेळाचा कणा अजूनही लष्कर आहे: मेरठचं रिमाउंट व्हेटरनरी कोअर (लष्कराची जनावरं सांभाळणारं दल), जयपूरची ६१ वी कॅव्हलरी (घोडदळ). १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी शहजादा या घोड्यावर वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, संघालाही सुवर्ण मिळालं. त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी ३६ वर्षं थांबावं लागलं. २०१८ ला जकार्तामध्ये फवाद मिर्झानं रौप्य आणलं, संघानंही रौप्य आणलं. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो सेन्यूर मेडिकॉट या घोड्यावर तेविसावा आला. त्याआधी ऑलिंपिकच्या घोडेस्वारीत भारतीय स्वार दिसला होता तो २००० साली सिडनीत, इम्तियाज अनीस.

गुण कसे मोजतात? ज्याचे कमी तो जिंकतो, असं का?

सगळं दंडात मोजतात, म्हणून. ड्रेसाजमध्ये प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण, त्याची टक्केवारी काढायची आणि शंभरातून वजा करायची. ६८ टक्के मिळाले तर तुमच्या नावावर ३२ दंड. तिथून पुढे हा आकडा फक्त वाढतो, कमी कधी होत नाही.

क्रॉस-कंट्रीत घोड्यानं अडथळा नाकारला की २० दंड. त्याच अडथळ्यावर पुन्हा नाकारला की आणखी ४०. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर दर सेकंदाला ०.४. शो जंपिंगमध्ये काठी पडली की ४, नकार दिला की ४, आणि उशिराला तोच ०.४.

एक हिशेब मांडते. कोर्स २,६०० मीटरचा आणि वेग मिनिटाला ५२० मीटर, म्हणजे वेळ बरोबर ५ मिनिटं. पहिल्या मुलीचे ड्रेसाजमध्ये ३२. ती २० सेकंद उशिरा आली, म्हणजे ८ वाढले. शेवटी एक काठी पाडली, ४ वाढले. एकूण ४४. दुसऱ्या मुलाचे ड्रेसाजमध्ये ३८, पण पुढचे दोन्ही दिवस स्वच्छ. एकूण ३८, आणि जिंकला तोच. पहिल्या दिवशीच्या फळ्यावरचा क्रमांक बघून रडणाऱ्या मुलांना मी हाच हिशेब पाटीवर लिहून दाखवते.

अकलूजच्या बाजारातला घोडा चालेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सरळ 'हो' किंवा 'नाही' म्हणता येत नाही असा. अकलूजच्या बाजारात मारवाडी आणि काठियावाडी घोडे देखणे येतात. काटक असतात, ऊन सोसतात, खूर टणक असतात. छोट्या उंचीच्या गटात असे घोडे उत्तम काम करताना मी पाहिले आहेत.

दोन गोष्टी मात्र बघायच्या. पहिली चाल. बाजारात रेवाल चालीच्या घोड्याला भाव असतो, स्वार अगदी पाटावर बसल्यासारखा जातो. पण ड्रेसाजला लागते ती दुडकी, दोन ठोक्यांची, कर्णातले पाय जोडीनं उचलणारी. रेवाल पक्की मुरलेल्या घोड्याला स्वच्छ दुडकी शिकवायला वर्ष जातं, आणि मैदानात घाबरला की तो पुन्हा रेवालीवर येतो. विकणाऱ्याला सांगा, स्वार न बसवता हातात धरून पळवून दाखव. तेव्हा खरी चाल कळते.

दुसरी गोष्ट तोंड. वरातीत नाचवलेल्या घोड्याचं तोंड उघडून बघा. जिभेवर, ओठांच्या कोपऱ्यांत जुने वण दिसले तर त्याच्या तोंडात काटेरी लगाम होता असं समजा. १९६५ च्या नियमांनी काटेरी लगामाला बंदी आहे, तरी तो दिसतो, आणि मला ते बघवत नाही. असा घोडा हात हलला की मान वर फेकतो. त्याला विश्वास बसायला वेळ द्यावा लागतो. तो द्यायची तयारी असेल तरच घ्या.

दुसरा मार्ग म्हणजे पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड जातीचा घोडा. वेग आणि दम उपजतच असतो. पण त्याला आयुष्यभर एकच शिकवलेलं असतं, पुढे पळ. आधी काही महिने विश्रांती आणि चरणं, मग नव्यानं शाळा. मैना अशीच आली होती. पहिले चार महिने ती मैदानात सरळ उभीसुद्धा राहत नव्हती.

सोलापुरात राहून तयारी होते का? इथं कोर्स कुठं आहे?

कोर्स आपला आपण करायचा. बांध आहेत, चर आहेत, पावसाळ्यानंतर ओढ्याला घोटाभर पाणी असतं. बाभळीचा जाड ओंडका दोन्ही बाजूंनी पक्का ठोकला की झाला अडथळा. तो हलता कामा नये आणि त्याच्या कडा गोल तासलेल्या हव्यात. सुरुवात गुडघ्याइतक्या उंचीनं.

अडचण मातीची आहे. आपली काळी माती पावसात चिकटते आणि नाल ओढून काढते. उन्हाळ्यात तीच दगड होते, भेगा पडतात, आणि भेगेत खूर अडकला तर पायाचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून दौडीचा सराव मुरमाच्या पट्ट्यावरच. आम्ही शेताच्या कडेनं चारशे मीटरचा मुरमाचा पट्टा टाकला आहे, दर पावसाळ्यानंतर पुन्हा टाकावा लागतो.

आणि ज्वारीचं रान. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी झाली की रानं मोकळी दिसतात, मुलांना वाटतं चला दौडू. नका दौडू. ज्वारीची तिरकी कापलेली धसकटं वाळली की खिळ्यासारखी होतात. तळखुरात धसकट घुसलेला घोडा मी सहा आठवडे बांधून ठेवलेला आहे. रान नांगरून, पाळी घालून झाल्याशिवाय घोडा त्यात उतरवायचा नाही.

एका बाबतीत मात्र सोलापूरचा घोडा पुढे असतो. ऊसतोडीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून अंगावरून जातात. वारीच्या काळात टाळ-मृदंग, पताका, गर्दी. वाखरीला, खुडूसला माउलींच्या अश्वाचं रिंगण लागतं तेव्हा लाखभर माणसांच्या गजरात तो घोडा कसा दौडतो ते आपण लहानपणापासून पाहिलं आहे. हळूहळू सवय लावली तर घोड्याला आवाजाचं काही वाटत नाही. स्पर्धेच्या लाउडस्पीकरनं दुसऱ्यांचे घोडे उधळतात तेव्हा आमचे उभे असतात.

तयारीला किती आठवडे लागतात?

आधीच कामात असलेल्या घोड्याला दहा ते बारा. पहिले तीन-चार आठवडे लांब चाल आणि दुडकी, कठीण जमिनीवर हळू. नंतर दर चौथ्या-पाचव्या दिवशी टप्प्याटप्प्यानं दौड: चार मिनिटं मिनिटाला ४०० मीटरनं, तीन मिनिटं चालवायचं, असं तीन वेळा. मधल्या दिवसांत ड्रेसाज, आठवड्यातून एकदा उड्या, एक दिवस पूर्ण मोकळा.

घाई होते ती इथंच. दम आणि स्नायू लवकर तयार होतात. स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा आणि हाडं मागून येतात. सहाव्या आठवड्यात घोडा अंगात वारं भरल्यासारखा वागतो आणि आपल्याला वाटतं झालं, तयार आहे. त्याचे पाय अजून तयार नसतात.

एप्रिल-मेच्या उन्हात काय करायचं?

पहाटे साडेपाचला सुरू, साडेसातला संपवा. पारा ४२-४३ ला टेकतो त्या दिवसांत दौड नाहीच. कष्टाच्या तासाभरात घोड्याला दहा-पंधरा लिटर घाम येऊ शकतो, आणि त्याचा घाम आपल्यापेक्षा खारट असतो. पाण्याबरोबर मीठ द्यावं लागतं. आमच्याकडे प्रत्येक ठाणात सैंधवाचा खडा टांगलेला असतो. स्पर्धेचे दिवस हिवाळ्याचे, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरची तयारी महत्त्वाची. ऑक्टोबर हीटला मात्र कमी लेखू नका.

खुराक काय द्यायचा?

चारा आधी, दाणा नंतर. साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-नऊ किलो कोरडा चारा पोटात गेलाच पाहिजे. आपल्याकडे मालदांडी ज्वारीचा कडबा मुबलक, पण नुसता कडबा पुरत नाही. चांगलं वाळलेलं गवत आणि थोडा लसूणघास जोडीला हवा. कडब्याला बुरशी असेल तर फेकून द्या, घोड्याला उलटी होत नाही, जे आत गेलं ते पोटातच राहतं. दाण्यात ओट मुख्य, भिजवलेला हरभरा थोडा. स्पर्धा आहे म्हणून आदल्या आठवड्यात दाणा वाढवू नका. विश्रांतीच्या दिवशी उलट कमी करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कामाला काढल्यावर मांड्यांचे स्नायू आखडतात आणि घोडा जागेवर थांबतो.

कागदपत्रं कोणती?

राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धेसाठी स्वार आणि घोडा दोघांचीही इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाकडे नोंदणी. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा प्रकृतीचा दाखला. लसीकरणाची नोंद. आणि ग्लँडर्स नसल्याचा रक्ततपासणीचा अहवाल. हा रोग माणसालाही होतो, आणि बाधित घोडा कायद्यानं मारावा लागतो, म्हणून तपासणीला कुरकुर करू नका. अहवाल यायला वेळ लागतो. नमुना महिनाभर आधी द्या.

प्रवास कसा करावा?

पुण्यापर्यंत अडीचशे किलोमीटर. आम्ही रात्री अकराला निघतो. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, आणि उजाडायच्या आत पोहोचतो. मधे दोनदा थांबून पाणी दाखवायचं. ट्रकच्या तळाला जाड भुसा, गळ्यातली दोरी इतकी सैल की घोड्याला मान खाली घालता येईल. मान सतत वर बांधलेली राहिली तर नाकातली धूळ छातीत उतरते आणि दोन दिवसांनी ताप येतो. चालकाला एकच सांगायचं: पाठीमागं पाण्यानं भरलेली घागर ठेवली आहे असं समजून ब्रेक मार.

बेंगळुरू किंवा दिल्लीला जायचं तर स्पर्धेच्या किमान तीन-चार दिवस आधी पोहोचा.

तिथं गेल्यावर घोडा पाणीच पीत नाही. काय करू?

हे माझ्यावर गुदरलं आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

मैनाची ती दुसरीच स्पर्धा. सकाळी पोहोचलो, ठाण छान मिळालं, गवत खायला लागली, मी निर्धास्त. संध्याकाळी आमचे सईस (घोडे सांभाळणारे) मामा म्हणाले, "ताई, बादली हाय तशीच हाय बघा." मी म्हटलं, पिईल, दमली आहे. रात्री नऊला लीद बघितली तर सुकलेल्या लिंबाएवढे कडक गोळे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तंबूसारखी उभीच राहिली. हिरडी बोटानं दाबून सोडली तर रंग परत यायला तीन सेकंदांच्या वर लागले. दोनच्या आत यायला हवा. साडेअकराला ती पोटाकडे वळून बघायला लागली, मग खाली बसली. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पोटात पाणी आणि तेल सोडलं. पहाटे चारला लीद टाकली तेव्हा मामांच्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळी स्पर्धेतून नाव काढून घेतलं.

चूक माझी होती. आमच्या बोअरचं पाणी जड, मचूळ. तिला तीच चव ओळखीची. तिथलं पाणी नळाचं, औषधाचा वास येणारं. तिच्या दृष्टीनं ते पाणीच नव्हतं.

तेव्हापासून निघायच्या पंधरा दिवस आधीच घरच्या बादलीत मूठभर गूळ विरघळवायला सुरुवात करतो. चव गुळाची झाली की पाणी कुठलंही असो, तिथं तोच गूळ टाकायचा. शेजारी साध्या पाण्याची बादलीही ठेवायची. पन्नास लिटरचे दोन कॅन घरचं पाणी नेतो, पहिल्या दिवशी अर्धं-अर्धं मिसळतो. गव्हाच्या कोंड्याची पातळ पेज देतो. आणि बादलीला आतून खडूनं रेघ मारतो, किती खाली गेलं ते वहीत लिहितो. घोडा दिवसाला पंचवीस ते पंचेचाळीस लिटर पितो. आकडा वीसच्या खाली दिसला की मी वाट बघत नाही, डॉक्टरांना बोलावते.

ड्रेसाजच्या दिवशी घोडा तापट होतो. काय करावं?

पहाटे एकदा बिनघाईची रपेट, नंतर ठाणात गवत, मग परीक्षेआधी पाऊण तास काम. कामाची वेळ घरीच आजमावून ठेवा. मैनाला पाऊण तास लागायचा, आमच्या दुसऱ्या घोड्याला वीस मिनिटांत कंटाळा येतो. क्रॉस-कंट्रीसाठी पूर्ण तयार केलेला घोडा आदल्या दिवशी मंदिरातल्या दिव्यासारखा शांत राहणार नाही, हे मान्य करून टाका. थांबायच्या जागी चारी पायांवर सरळ थांबला आणि वर्तुळं गोल आली तर मी खूश असते.

क्रॉस-कंट्रीचा कोर्स पायी किती वेळा फिरायचा?

तीनदा. पहिल्यांदा नुसता बघायचा, घोड्याला पहिल्यांदा कसा दिसेल तसा. त्याला तर तो दाखवताही येत नाही. दुसऱ्यांदा प्रत्येक अडथळ्यापाशी थांबून: लाल झेंडा उजवीकडे, पांढरा डावीकडे आहे ना, जमीन कशी, ऊन कुठून येणार, पलीकडे उतार आहे का, सोपी लांबची वाट कुठली. तिसऱ्यांदा, एकट्यानं, ज्या रेषेवरून जायचं त्याच रेषेवरून, घड्याळ आणि मोजायचं चाक घेऊन. पहिलं मिनिट कुठल्या झाडाशी संपतं, दुसरं कुठल्या खांबाशी, हे पाठ पाहिजे.

स्वारीची वेळ दुपारी असेल तर तिसरी फेरी आदल्या दिवशी दुपारी मारा. झाडाखालचा अडथळा सकाळी उजेडात असतो आणि दुपारी सावलीत. उजेडातून सावलीत उडी मारायला घोडा बिचकतो, त्याच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

घोड्यानं नकार दिला किंवा मी पडले तर?

पहिला नकार: मारू नका, वळवा, सरळ रेषेत आणा, पायांनी ठाम सांगा. एकाच अडथळ्यावर तिसरा नकार झाला की बाद. स्वार किंवा घोडा पडला तर तिथंच स्पर्धा संपली, परत चढायचं नाही. पूर्वी चढायला परवानगी असे आणि जुनी माणसं अजून त्या गोष्टी अभिमानानं सांगतात. मला आजचा नियम पटतो. डोक्याला मार लागलेल्या माणसाला आपण ठीक आहोत की नाही हे स्वतःला कळत नसतं.

क्रॉस-कंट्री झाल्यावर रात्री काय काय करायचं?

माझ्या मते स्पर्धा इथं आहे. टाळ्या वाजून झालेल्या असतात, मुलं फोटो काढत असतात, आणि घोड्याला तुमची सगळ्यात जास्त गरज असते.

उतरल्या उतरल्या खोगीर काढा आणि गार पाणी ओतायला लागा: मान, छाती, मांड्यांच्या आतली बाजू. ओता, चालवा, पुन्हा ओता. अंगावरचं पाणी निपटत बसू नका, ओतत राहणंच जास्त कामाचं. गार पाण्यानं स्नायू आखडतात ही समजूत सोडून द्या. पाणी प्यायलाही लगेच थोडं थोडं द्या. दहा-पंधरा मिनिटांत ठोके मिनिटाला साठच्या आसपास यायला हवेत. जबड्याखालच्या शिरेवर दोन बोटं ठेवून मोजा. विश्रांतीत ते २८ ते ४४ असतात.

अंग सुकलं की आम्ही आपले सोलापुरी टॉवेल घेतो, एका घोड्याला चार लागतात. वारं असेल तर अंगावर चादर. मग पाय.

पाय बघायची पद्धत मी मामांकडून शिकले. ते उकिडवे बसतात, दोन्ही हातांचे तळवे एकाच वेळी दोन्ही पुढच्या पायांवर ठेवतात आणि डोळे मिटून गुडघ्यापासून खाली येतात. एकट्या पायाची ऊब कळत नाही, जोडीनं कळते. एकदा रात्री नवाच्या सुमारास त्यांचा उजवा तळवा डाव्या खुरावर थांबला. "ह्यो तापलाय." खुराच्या वर मागच्या बाजूला बोट ठेवलं, शीर ठकठक उडत होती. दुसऱ्या पायाला ती लागतही नव्हती. मैना तर नीट उभी होती, खात होती. मामांनी छोटी हातोडी घेऊन नालेचा एकेक खिळा हलकेच ठोकला. आतल्या बाजूच्या तिसऱ्या खिळ्याला तिनं पाय झटकन वर घेतला. तो खिळा नाजूक भागाला चिकटून बसला होता, क्रॉस-कंट्रीत दाबला गेला होता. नालबंदाला उठवलं, एक खिळा काढला, रात्री दोनदा पाय बर्फाच्या पाण्यात धरला. सकाळपर्यंत ऊब गेली.

आम्ही फोटो काढत बसलो असतो तर सकाळी लंगडी घोडी पंचांपुढे गेली असती.

झोपायच्या तासभर आधी हातात धरून दहा पावलं दुडकी. लीद मोजा. बादलीची रेघ बघा. पहाटे चारला पुन्हा एकदा बाहेर काढून चालवा, रात्रभर उभं राहून पाय जड होतात.

तिसऱ्या दिवशीची तपासणी कशी असते?

कडक, सपाट जमिनीवर घोडा हातात धरून आधी चालवायचा, मग दुडकीनं नेऊन आणायचा. पंच आणि पशुवैद्य बघतात. शंका आली तर बाजूला थांबवून पुन्हा दाखवायला सांगतात. दोरी सैल सोडा, डोकं हलू द्या. आवळून धरलं की लपवताय असं वाटतं. आयाळ विंचरलेली, खूर साफ, आणि तुमचे कपडेही नीटनेटके.

घोडा खरोखर दुखरा असेल तर त्यांच्यापर्यंत नेऊच नका. नाव काढून घ्यायला धैर्य लागत असेल, तर ते गोळा करून ठेवा.

शेवटच्या दिवशी काठ्या का पडतात?

दोन कारणं. पाय थकलेले असतात. आणि काल घोडा पक्क्या ओंडक्यांवरून लांबट, सपाट उडी मारत आलेला असतो, आज त्याला गोल, नेमकी उडी हवी. सरावाच्या काठ्यांवर मोजक्याच उड्या मारा, सहा-आठ पुरे. मैदानात गेल्यावर वेग मागू नका, लय मागा.

घरगुती औषधं, मसाज, लेप चालतात का?

सांभाळून. मिरचीचा अर्क असलेलं मलम चालत नाही, त्यातलं कॅप्सायसिन प्रतिबंधित आहे. चहा-पाव खायची सवय असलेले घोडे आपल्याकडे खूप. चहातल्या कॅफिनमुळे चाचणीत सापडाल. खसखशीचा अंश असलेल्या पेंडीतून मॉर्फिन दिसू शकतं. वेदनाशामक इंजेक्शन देऊन दुखणं झाकायचं, हे नियमाविरुद्ध आहे आणि घोड्याविरुद्धही. काही द्यायचं झालं तर स्पर्धेच्या डॉक्टरांना विचारून, लिहून. तबेल्यात पाहुण्यांनाही सांगा, काही भरवू नका.

साहित्यात कुठं खर्च करावा, कुठं वाचवावा?

हेल्मेट, छातीचं कवच आणि घोड्याच्या पाठीला बसणारं खोगीर, या तीन ठिकाणी वाचवायचं नाही. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की बदलायचं, वरून धड दिसलं तरी. कवचावर हवेचं (पडताना फुगणारं) जाकीट मिळालं तर उत्तम. बाकी कोट, बूट दुसऱ्याचे वापरलेले चालतात. खरा खर्च साहित्याचा नाहीच. वर्षभराचा चारा, दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद, डॉक्टर आणि ट्रकभाडं. पालकांनी हिशेब वर्षाचा मांडावा, स्पर्धेचा नाही.

परत आल्यावर घोड्याला किती विश्रांती द्यायची?

आमच्याकडे ट्रकमधून उतरल्यावर पहिला दिवस फक्त मोकळं सोडणं. पुढचे पाच-सहा दिवस हातात धरून चालवणं, दाणा अर्धा. मग दोन आठवडे हलकी रपेट, उडी नाही. नाल आणि पाठ नालबंद आणि डॉक्टर दोघांकडून बघून घ्यायची.

मैना उतरली की आधी पाणी पिते आणि मग मुरमात लोळते. दोन्ही कुशींवर लोळून उठली तर मी घरात जाते. एकाच कुशीवर लोळून उठली, तर मामांना हाक मारते, आणि आम्ही दोघं मिळून तिच्या पाठीवरून हात फिरवत बसतो.